वरून कोरडं, आत साडेआठ लिटर

गाडी गॅरेजला आली ११ ऑगस्ट २०२५ ला, नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. रत्नागिरीतलीच हॅचबॅक, तीन वर्षं वापरलेली, सहा एअरबॅगवाली. तक्रारी दोन : आत कुबट वास, आणि मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा. मालक शाळेत शिक्षक. म्हणाले, "मागच्या डाव्या दरवाजाचं रबरी बीडिंग दोनदा बदलून झालं. पाणी तिथूनच येतं. तेवढं बघा आणि वास घालवा. सत्तावीसला गणपती, मुंबईची मंडळी यायचीत."

जुलैमध्ये मागच्या सीटपुढच्या फ्लोअरवर पाणी दिसलं, तेव्हा त्यांनी पंचाने टिपून घेतलं होतं. काचा खाली करून दोन दिवस पडवीत टेबलफॅन लावला. कार्पेट हाताला कोरडं लागलं तेव्हा गाडी वापरायला काढली. बहुतेक लोक हेच करतात, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही, कारण कार्पेट खरंच कोरडं दिसतं.

हात फिरवून काही कळत नाही. गुडघा टेकवून अंगाचा भार टाकायचा आणि दहा आकडे मोजायचे. मागच्या डाव्या फ्लोअरवर तसं केलं, तर सातव्या आकड्याला गुडघ्याभोवती चहाच्या रंगाचं पाणी वर आलं. भार काढल्यावर ते पुन्हा आत गेलं आणि कार्पेट पहिल्यासारखं कोरडं दिसायला लागलं.

कारण असं की कार्पेट म्हणजे वरचा पातळ थर. त्याखाली ३० ते ४० मिलिमीटर जाडीचा फोम किंवा चिंध्यांचं दाबलेलं फेल्ट असतं, आवाज आणि उष्णता अडवायला. पाणी धरतो तो हा थर. वर कार्पेट, खाली पत्रा, मधल्या फोमला हवा लागायला वाटच नाही. कोकणात ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतच इतका ओलावा असतो की काचा उघड्या ठेवल्या तर गाडी वाळायच्या ऐवजी सादळते.

सुकवायच्या आधी पाणी कुठून येतं ते सापडायला हवं, नाहीतर आठवडाभराची मेहनत एका सरीत वाया. मागचं बीडिंग नवं होतं, नीट बसलेलं होतं. मागच्या डोअर पॅडच्या आतला प्लॅस्टिकचा कागदही शाबूत होता. (हा कागद बाहेरून स्पीकर बसवताना फाटतो आणि दरवाजातून उतरणारं पाणी थेट आत येतं, म्हणून तो नेहमी बघावा.) मग घर कुठे आहे ते विचारलं. चढावर. गाडी तोंड वर करून उभी राहते, डोक्यावर आंब्याचं झाड. इथे संशय पुढे सरकला. पुढे शिरलेलं पाणी चढावर उभ्या गाडीत कार्पेटखालून, सीटखालच्या वायरिंगच्या खाचेतून मागे जातं आणि मागच्या फ्लोअरला साठतं. दिसतं एकीकडे, येतं भलतीकडून.

बोनेट उघडून वायपरखालच्या जाळीवर डाव्या कोपऱ्यात एक मग पाणी ओतलं. ते लगेच डाव्या चाकामागे जमिनीवर पडायला हवं. मिनिटभर वाट पाहिली, थेंब नाही. ग्लोव्ह बॉक्स उतरवून टॉर्च मारला तर ब्लोअरच्या (आत हवा सोडणाऱ्या पंख्याच्या) घरट्यावरून ओघळ येत होता. वायपरचे हात काढले (काढण्याआधी काचेवर चिकटपट्टी लावून त्यांची जागा खुणावून ठेवायची), जाळीच्या क्लिपा सोडवल्या. खाली आंब्याची पानं आणि मोहराचा चुरा कुजून दोन ओंजळी भरतील एवढं काळं खत झालं होतं आणि डावं निचऱ्याचं भोक त्यानं पक्कं बुजलं होतं. जोराची सर आली की तिथली पन्हळ भरायची, पाणी ब्लोअरला हवा देणाऱ्या तोंडाच्या वर चढायचं आणि आत उतरायचं. आपल्याकडे ब्लोअर डावीकडे असतो, म्हणून ओल नेहमी डावीकडे. खत हातानेच काढलं. कॉम्प्रेसरची हवा मारली असती तर तेच आणखी खोल सरकलं असतं. पुन्हा एक मग ओतला, पाणी धो धो चाकामागे पडलं.

आता आतलं काम. चावी बंद, बॅटरीचा मायनस काढला आणि दहा मिनिटं गाडीला हात लावला नाही. एअरबॅगच्या युनिटमध्ये साठलेली वीज उतरायला वेळ लागतो, आणि सीटखालचा पिवळा कपलर (एअरबॅगच्या वायरचा जोड) सोडायचा असेल तर ही दहा मिनिटं कुणीही वाचवू नयेत. सीटला चार बोल्ट, या गाडीत १४ नंबरचे. सीट मागे सरकवून पुढचे दोन, पुढे सरकवून मागचे दोन. मग दरवाजांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या, मधल्या खांबाचं खालचं कव्हर, बेल्टचा खालचा बोल्ट, गिअरभोवतीचा कन्सोल. कन्सोल न काढता डावी बाजू उलटवता येते, पण एअरबॅगचं युनिट बहुतेक गाड्यांत कन्सोलखाली मधल्या उंचवट्यावर असतं. तिथं पाणी पोचलंय का हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. ते भिजलं असेल तर सुकवून परत लावायचं नाही, बदलायचंच. इथे उंचवटा कोरडा होता.

दिव्याचं कारण डाव्या पुढच्या सीटखाली सापडलं. पिवळा कपलर फ्लोअरला टेकून ओल्या फोममध्ये महिनाभर बसला होता. उघडला तर दोन पिनांपैकी एक स्वच्छ, दुसरीच्या मुळाशी हिरवट भुकटी, रांगोळीच्या चिमटीएवढी. एअरबॅगच्या सर्किटचा रोध साधारण दोन ओहम असतो आणि युनिट तो सतत तपासत असतं. एवढ्या गंजाने तो थोडा जरी वाढला तरी दिवा लागतो, आणि दिवा लागलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच असं धरून चालता येत नाही. इथे दोन चुका हमखास होतात. पिना पॉलिश पेपरने घासतात, त्यामुळे मुलामा निघून त्या आणखी वेगाने गंजतात. आणि मल्टिमीटर लावून एअरबॅगचाच रोध मोजायला जातात. मीटरच्या स्वतःच्या करंटनेसुद्धा एअरबॅग उडू शकते, म्हणून मीटर त्या बाजूला कधीही लावायचा नाही, जे वाचायचं ते बिघाडाचे कोड दाखवणाऱ्या स्कॅनरवर. कपलर आणि त्याच्या वायरचा तुकडा कंपनीचा मागवला. तो यायला चार दिवस लागणार होते, पण कार्पेटला तसेही तेवढे लागणारच होते.

उचलण्याआधी व्हॅक्यूमने मागच्या फ्लोअरमधलं मोकळं पाणी ओढलं, सुमारे तीन लिटर निघालं. मग कार्पेट अख्खं बाहेर काढलं. दोन माणसं लागली. लांबवर वाहून न नेता तिथंच भंगाराच्या वजनकाट्यावर ठेवलं : १३ किलो ८०० ग्रॅम. हा आकडा पाटीवर लिहून ठेवला. कार्पेट वाळलं की नाही हे हाताने, नाकाने ठरत नाही, वजनाने ठरतं.

महिन्याभराच्या कुबट पाण्यावर नुसता पंखा लावून वास जात नाही, बुरशी फोममध्येच राहते. म्हणून फोम उताणा करून आधी धुतला. दहा लिटर पाण्यात दोन टोपणं सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, मग दोनदा स्वच्छ पाणी. ब्लीच नाही, त्याने रंग उडतो आणि पुढे पत्रा गंजतो. फिनाइलही नाही, त्याचा वास ओल्या फोमच्या वासात मिसळून वर्षभर राहतो. फोम पिळायचा नाही, फाटतो. वर सपाट फळी ठेवून दाबायचं आणि कडेला व्हॅक्यूमचं तोंड धरायचं. व्हॅक्यूममधून हवेशिवाय काही येईना तोवर हेच. एवढं झाल्यावर वजन भरलं ८ किलो ६०० ग्रॅम.

नंतर सामान ठेवायची छोटी खोली रिकामी केली, दार-खिडक्या बंद केल्या, कार्पेट पाइपवर फोम बाहेरच्या अंगाला करून तिरकं टांगलं, डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) आणि एक उभा पंखा लावला. हॉट गन अजिबात नाही. कार्पेट साच्यात घडवलेलं असतं, एका जागी तापलं की आक्रसतं आणि मग कन्सोलशी जुळत नाही. मंगळवारी संध्याकाळी ६ किलो ९००, बुधवारी ५ किलो ९००, गुरुवारी ५ किलो ४००, शुक्रवारी ५ किलो ३००. शनिवारी सकाळीही ५ किलो ३००. बारा तासांच्या अंतराने दोनदा वजन तेच आलं की थांबायचं. म्हणजे हाताला कोरड्या लागणाऱ्या त्या कार्पेटमध्ये, मोकळं पाणी ओढून घेतल्यानंतरही, साडेआठ लिटर पाणी होतं. खरं तर बुधवारीच ते अंगावर घ्यावं इतकं कोरडं वाटत होतं. त्या दिवशी बसवलं असतं तर सहाशे ग्रॅम ओल गाडीत परत गेली असती, आणि ऑगस्टमधल्या बंद गाडीत बुरशीला तेवढी भरपूर झाली.

तोवर पत्रा मोकळा होता. फ्लोअरची रबरी बुचं काढली, उंबऱ्याखालची निचऱ्याची भोकं तारेने साफ केली. डावीकडून पेलाभर पाणी सांडलं, म्हणजे पोकळीतही साठलं होतं. सीटखालच्या आडव्या पट्टीच्या जोडाला तांबूस गंज धरला होता. तो ब्रशने खरवडून उरलेला गंज थोपवणारं रस्ट कन्व्हर्टर, दुसऱ्या दिवशी प्रायमर, मग जोडावर सीलर. आवाज अडवायला चिकटवलेले डांबरी तुकडे बोटाने दाबून पाहिले. ज्याच्या कडेखालून पाणी निघालं तेवढाच उचलला. ब्लोअरच्या घरट्यातूनही पानांचा चुरा निघाला, आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर पोळीसारखा ओला होता, तो बदलला. हा फिल्टर राहून गेला तर सगळं सुकवूनही एसी लावताक्षणी तोच वास येतो.

हे सगळं पावसाच्या पाण्याचं. पुराचं पाणी वेगळं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलेल्या गाड्यांत चिखल फोमच्या छिद्रांत बसलेला असायचा. तिथं धुण्यात वेळ घालवणं चूक. फोम, फेल्ट, चिखल गेलेले सीटबेल्ट, पाण्याखाली गेलेले एअरबॅगचे भाग सरळ बदलायचे. आणि गाडी चालू करून बघायची नाही, बॅटरी काढून टो करूनच न्यायची.

रविवारी कार्पेट बसवलं. सीट आणि बेल्टचे बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळले. बेल्टच्या बोल्टला अंदाज चालत नाही. नवा कपलर लावून तो फ्लोअरपासून वर क्लिपने बांधला. बॅटरी जोडताना गाडीत कुणी बसलेलं नव्हतं. स्कॅनरवर कोड पुसला, दिवा गेला, पुन्हा लागला नाही.

शेवटचा ओलावा काढायला गाडीचा स्वतःचा एसी सगळ्यात चांगला. गाडी उघड्यावर उभी केली, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावरचं असतं. काचा बंद, हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू, एसी चालू आणि तापमान मात्र पूर्ण गरमवर. गरम हवा ओल उचलते, थंड कॉईलवर तिचं पाणी होतं आणि ड्रेन पाइपातून गाडीखाली टपकतं. चाळीस मिनिटांत आतला आर्द्रतेचा काटा ८४ वरून ४६ वर आला. संपताना एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायचा नाही, कॉईलवरचं पाणी परत आत येतं. आधी दारं उघडायची, मग ब्लोअर.

पाण्याची खरी परीक्षा नळीने झाली. आधी दरवाजाच्या खालच्या कडेला, मग काचेला, शेवटी वायपरच्या जाळीवर, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. एक जण आत टॉर्च घेऊन. खालून वर जायचं, वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि नेमकं कुठून आलं ते कळत नाही. चार ठिकाणी पत्रा आणि कार्पेटच्या मध्ये वर्तमानपत्राच्या घड्या सरकवल्या आणि सरांना सांगितलं, "घरी नेहमीच्या चढावर लावा. दोन जोराच्या सरी पडल्या की या. वास येवो न येवो."

ते तेवीसला आले. रात्रभर झड लागलेली होती. उंबऱ्याची पट्टी उचलून मागच्या डाव्या कोपऱ्यातली घडी ओढली. शाई फुटलेली नव्हती, कागद कोरडा होता. गुडघा टेकवून पुन्हा दहा आकडे मोजले आणि मग चावी दिली.