नारिंगी उजेडाचे पैसे

ट्यूब प्रीअ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर (ट्यूबांवर) चालणारं सिग्नल वाढवायचं यंत्र, शोधायला निघालेल्या माणसाला खरं तर तीन यंत्रं हवी असतात आणि खिशात पैसे एकाचे असतात. रेकॉर्डवरून येणारा क्षीण सिग्नल मोठा करणारं पहिलं. आवाज कमी-जास्त करून तो पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे पोचवणारं दुसरं. आणि हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देणारं तिसरं. खोक्यावर मात्र तिन्हींसाठी ‘ट्यूब प्रीअ‍ॅम्प’ एवढंच छापतात. मग हौसेने मागवलेलं यंत्र टेबलावर येतं, त्याची पाठ फिरवून बघावी तर टर्नटेबलची ग्राउंडची वायर अडकवायचा बारीक स्क्रूच तिथे नसतो. तो नसला की बहुधा समजून चालावं, हे यंत्र टर्नटेबलसाठी केलेलंच नाही. वर कितीही देखण्या ट्यूबा उभ्या असोत, रेकॉर्ड लावल्यावर ऐकू येईल तो खर्ज हरवलेला, चिरका आणि कुजबुजल्याइतका आवाज.

हे असं का होतं ते कळलं की निम्मी खरेदी सोपी होते. कार्ट्रिज म्हणजे सुईच्या थरथरीची वीज करणारी डबी. मूव्हिंग मॅग्नेट (आत चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजची सुई चरातून फिरते तेव्हा डबीतून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट बाहेर पडतात. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. ही दरी भरायला फोनो स्टेज, म्हणजे वरच्या तिघांतलं पहिलं यंत्र, सिग्नल जवळपास १०० पट वाढवते, ज्याला ४० डेसिबल म्हणतात. मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलणाऱ्या, कार्ट्रिजचं प्रकरण आणखी नाजूक. तिथे अर्धा मिलिव्होल्टही मिळायची मारामार, म्हणून हजारपट वाढ लागते. बेताच्या पैशात ट्यूब हवी असेल त्याने मूव्हिंग कॉइलच्या वाटेला जाऊच नये, असं माझं सरळ मत आहे.

शिवाय फोनो स्टेजकडे नुसती वाढीची कामगिरी नसते. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वरचे स्वर चढवलेले असतात. खर्ज आहे तसा कोरला तर चर फार रुंद वळसे घेतील आणि एका बाजूवर मिनिटं कमी मावतील. वाजवताना हे सगळं उलटं करायचं. खर्ज वर उचलायचा, वरचे स्वर खाली आणायचे, आणि त्यांच्याबरोबर रेकॉर्डची खसखसही आयतीच खाली येते. १९५४ साली आरआयएए या अमेरिकन संघटनेने हा हिशेब एकसारखा करून दिला. त्याआधी जवळपास प्रत्येक रेकॉर्ड कंपनीचा आपला वेगळा हिशेब होता. आता काही टर्नटेबलांच्या पोटातच फोनो स्टेज असते आणि मागे ‘फोनो’ व ‘लाइन’ असं एक टिचभर बटण. ते ‘लाइन’वर ठेवून बाहेर पुन्हा फोनो प्रीअ‍ॅम्प जोडला की हा उलटा हिशेब दोनदा होतो. आवाज फाटतो, खर्ज खोलीभर घुमतो, आणि दोष बिचाऱ्या ट्यूबवर येतो.

या हिशेबातच सगळी मेख आहे. हजार हर्ट्झच्या स्वराला जेवढी वाढ मिळते, त्याच्या जवळपास सातपट ५० हर्ट्झला मिळते. आणि ५० हर्ट्झ म्हणजे जगाच्या बऱ्याच भागात विजेचीच गुणगुण. म्हणजे फोनो स्टेजच्या तोंडाशी विजेची जरा जरी झुळूक शिरली तरी ती सन्मानाने मोठी होऊन बाहेर येते. आता अशा जागी ट्यूब बसवायची. ट्यूबला आत तापलेली तार लागते, त्या तारेला वीज लागते, ती वीज गाळून स्वच्छ करायला कपॅसिटर लागतात, ट्रान्सफॉर्मर लांब ठेवायला मोठा डबा लागतो, पत्र्याचे आडोसे लागतात. यातली एकही गोष्ट जाहिरातीच्या फोटोत दिसत नाही. म्हणून किंमत उतरवायची वेळ आली की कात्री नेमकी इथेच चालते. उलट चार ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणाऱ्या तयार चिप) आणि मोजके भाग वापरून केलेली ट्रान्झिस्टरच्या पिढीची साधी फोनो स्टेज याच पैशात कितीतरी गप्प राहते.

स्पीकरवर ऐकणाऱ्याचं एक वेळ निभावतं. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो आणि बारीकसारीक खरखर वाटेतच विरते. हेडफोनवाल्याला ती सवलत नाही. त्याच्या कानाला आणि आवाजाला मधे अंतरच नाही. दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागेत ट्यूबची सळसळ त्याला तंतोतंत ऐकू येते. एरवी तुम्ही ऐकता तेवढा आवाज ठेवा, सुई रेकॉर्डवरून उचलून धरा आणि हेडफोन कानावर घ्या. या एका परीक्षेत जे कळतं ते कुठल्याही कौतुकाच्या परिच्छेदात लिहिलेलं नसतं. मग पेन्सिलच्या खोडरबराच्या बाजूने ट्यूबच्या काचेवर हलकेच टिचकी मारा. हेडफोनमध्ये ‘टण्ण’ असा घंटेचा आवाज आला तर ती मायक्रोफोनिक आहे, म्हणजे आतले पत्रे आणि जाळ्या हादऱ्याबरोबर थरथरतात आणि ती थरथर संगीतात मिसळते. थोडा फार टणत्कार प्रत्येक ट्यूबमध्ये असतो. पण फोनो स्टेजची पहिली ट्यूब जे काही बोलेल ते पुढच्या सगळ्या टप्प्यांतून वाढत जाणार, म्हणून तिथे शांत ट्यूब निवडून लावावी लागते. अशी निवडलेली ट्यूब महाग पडते, हे ओघाने आलंच.

मग ट्यूबचा तो प्रसिद्ध गोडवा? तो आहे, आणि बऱ्याच प्रमाणात मोजताही येतो. ट्यूबमधून सिग्नल जाताना थोडी विकृती होते आणि साध्या ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडांच्या ट्यूबच्या) जोडणीत तिचा मोठा वाटा दुसऱ्या हार्मॉनिकचा असतो. दुसरा हार्मॉनिक म्हणजे मूळ षड्जाचा वरचा षड्ज. तिसरा म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. गाण्याचा कान असलेल्या कुणालाही हे परके पाहुणे वाटणार नाहीत, म्हणून ही भेसळ ऐकताना भरीवपणा वाटतो. सातवा हार्मॉनिक मात्र सप्तकातल्या कुठल्याच स्वरावर नीट टेकत नाही. तो थोडा जरी वाढला तरी आवाजाला कड येते.

पण ही विकृती सिग्नलच्या आकाराबरोबर वाढते. पाच मिलिव्होल्टच्या सिग्नलला ट्यूबच्या दृष्टीने काही वजनच नसतं. ती तो जवळपास सरळ रेषेत पुढे पाठवते. म्हणजे फोनो स्टेजमध्ये ट्यूबचा रंग सगळ्यात फिका आणि तिची खरखर सगळ्यात ठळक. नेमकी त्याच जागी स्वस्त ट्यूब बसवायचा आग्रह आपण का धरतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. ट्यूबचा रंग खुलतो तो सिग्नल मोठा झाल्यावर, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, हेडफोनच्या अगदी आधी. तिथे खरखर पुढे वाढवायला कुणी उरलेलंही नसतं.

त्या गोडव्यातला काही भाग तर ट्यूबचा नसून ओमच्या नियमाचा आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब हेडफोन अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, कधी कधी शंभर ओमच्या पुढे असतो. आता ३०० ओमचे म्हणून ओळखले जाणारे काही हेडफोन प्रत्यक्षात १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओमच्या घरात जातात. अ‍ॅम्पचा इंपीडन्स जास्त असला की त्या ५०० ओमच्या टेकडीवर व्होल्टेजचा वाटा वाढतो, आणि ऐकणाऱ्याला खर्ज जरा उबदार, भरलेला वाटतो. तोच अ‍ॅम्प ३२ ओमच्या हेडफोनला जोडला तर आउटपुट इंपीडन्स १२० ओम धरून हेडफोनच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा उरतो, आणि खर्जावरचा ताबाही सुटतो. बॉटलहेड क्रॅक हा स्वतः सोल्डर करायचा किट याच जातीचा. ३०० ओमच्या हेडफोनबरोबर त्याचं जमतं, ३२ वाल्यांनी त्याच्या नादी लागू नये. आउटपुट इंपीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, हा ठोकताळा सावध माणसाला पुरेसा आहे. ज्याला ती खर्जाची ऊब मुद्दामच हवी आहे त्याने तो खुशाल मोडावा.

आता उजेडाबद्दल. स्वस्त यंत्रांत ट्यूबच्या बुडाशी, सॉकेटच्या मधल्या भोकात, एक एलईडी बसवलेला असतो. बटण दाबलं की त्याच क्षणी अख्खी काच नारिंगी उजळते, वरच्या टोकापर्यंत. खऱ्या तापत्या तारेला एवढी घाई नसते. आधी काहीच दिसत नाही. मग राखाडी पत्र्याच्या वरच्या आणि खालच्या फटीतून गडद लाल ठिपका दिसू लागतो, हळूहळू शेंदरी होतो, आणि तिथेच थांबतो. दिवसाउजेडी तो शोधावा लागतो. एलईडीचा उजेड म्हणजे नाटकातली लाल कागद आणि बल्बची शेकोटी. शेवटच्या रांगेतून छान दिसते, तिच्याजवळ हात शेकायला जाऊ नये इतकंच.

उजेड खोटा असला म्हणून ट्यूब निरुपयोगी ठरत नाही, पण शंका घ्यायला जागा होते. १२एएक्स७, म्हणजे युरोपात ईसीसी८३, ही ट्यूब प्लेटवर, म्हणजे आतल्या राखाडी पत्र्यावर, शंभर ते तीनशे व्होल्ट मिळाले तर नीट काम करते. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर तिला थेट वीस-तीस व्होल्टांत उपाशी ठेवलेली असेल, तर वाढीचं खरं काम बहुधा शेजारचा ऑप-अ‍ॅम्प करत असतो आणि ट्यूब शोभेला उभी असते. अडॅप्टर बघून लगेच निकाल देऊ नये मात्र. आतल्या सर्किटने तेच बारा व्होल्ट दीडशे-दोनशेपर्यंत चढवलेले असू शकतात, आणि ईसीसी८८ सारखी ट्यूब नव्वद व्होल्टांतही खूश असते. १९५०च्या दशकात तर मोटारीतल्या रेडिओसाठी थेट बॅटरीच्या बारा व्होल्टांवर चालणाऱ्या ट्यूबाही निघाल्या होत्या. तेव्हा प्लेटवर किती व्होल्ट आहेत, हे विकणाऱ्याला विचारायचं. तो उत्तराऐवजी ‘विंटेज वॉर्म्थ’बद्दल बोलू लागला की उत्तर मिळालं असं धरायचं. स्वतः झाकण उघडून मोजायला जाऊ नका. खऱ्या व्होल्टेजच्या यंत्रात बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात आणि त्यांना माणसाची दया येत नाही.

म्हणून माझी वाटणी अशी. पैशाचा पहिला हिस्सा ट्रान्झिस्टरवाल्या, कंटाळवाण्या दिसणाऱ्या, गप्प फोनो स्टेजला. तिला ग्राउंडचा स्क्रू हवा, मूव्हिंग मॅग्नेटला साजेसं ४७ किलो-ओमचं इनपुट हवं, आणि जमलं तर कार्ट्रिजशी जुळवायला कपॅसिटन्स बदलायची सोय. दुसरा हिस्सा हायब्रिड हेडफोन अ‍ॅम्पला, ज्यात व्होल्टेज ट्यूब वाढवते आणि हेडफोनला लागणारा करंट ट्रान्झिस्टर पुरवतात. आउटपुट इंपीडन्स कमी, ट्यूबचा रंग जागेवर, आणि ट्यूब एकच असल्याने हौसही आवाक्यात. शुद्धतावादी याला बाटगेपणा म्हणतात. म्हणोत. फक्त असं यंत्र सुरू करताना हेडफोन कानावर नसावेत. ट्यूब तापून स्थिर होईपर्यंत काही यंत्रं ‘धप्प’ असा धक्का देतात, आणि तो रोखणारा रिले (हेडफोन उशिरा जोडणारं आपोआप चालणारं बटण) प्रत्येकात असतोच असं नाही.

ट्यूब बदलून बघायचा नाद मग लागतोच, त्याला इलाज नाही. नऊ पायांची दिसली की लावली असं मात्र चालत नाही. ईसीसी८८ आणि ईसीसी८३ एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण दोघींच्या तापत्या तारेची जोडणी वेगळी. जुन्या नावांच्या मागे लागणाऱ्यांनी जपूनच जावं. टेलिफुंकन या जर्मन कंपनीच्या अस्सल ट्यूबच्या बुडाशी, पायांच्या मधोमध, काचेतच घडवलेला पत्त्यांतल्या चौकटीचा आकार बोटाला लागतो. नाव मात्र कुणीही कशावरही छापू शकतं. काचेच्या डोक्यावरचा चंदेरी आरसाही बघावा. तो बेरियमचा थर आत उरलेला वायू शोषून घेण्यासाठी असतो. तो पांढरा फटक पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि ट्यूब मेली आहे, मग तिच्यावर कुठलंही थोर नाव असो.

नाव लावलेल्या जुन्या ट्यूबसाठी बाजूला ठेवलेले पैसे उरलेच, तर मी आधी सुई तपासेन. झिजलेल्या सुईची फरफर कुठल्याही ट्यूबने झाकली जात नाही, आणि ती नुसती वाईट वाजत नाही, रेकॉर्डही खाते.