पेटी लावली की आईचा फोन मुका

"मने, तुझ्या बाबांची पेटी लावली ना, की माझा फोन मुका होतो."

आई हे मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. मी ते मनावर घेतलं नाही. पुढचे दोन महिने लाइन, राउटर, आईचा फोन असं सगळ्यांना दोष देऊन झाला आणि शेवटी तिचंच म्हणणं खरं निघालं. तुमच्या घरी राउटरला हार्ड डिस्क लावलेली असेल आणि घरातलं कुणीतरी नेट नीट चालत नाही म्हणत असेल, तर पुढचं जरूर वाचा.

आधी पेटीविषयी. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. सुट्टीच्या दिवशी खांद्याला टेपरेकॉर्डर लावून बाहेर पडायचे. पंचवटीतली कीर्तनं, गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, आणि सिन्नरकडे राहणाऱ्या आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. १३७ कॅसेट एका पत्र्याच्या पेटीत होत्या, प्रत्येकीवर बाबांच्या बारीक अक्षरात तारीख. गेल्या हिवाळ्यात रोज शिकवणी संपली की एक, अशा मी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. आवाज न दाबता ठेवायचा म्हटलं तर तासाभराच्या कॅसेटला साधारण ६०० एमबी लागतात. सगळं मिळून शंभर जीबीच्या आसपास झालं. तळहाताएवढ्या पोर्टेबल डिस्कमध्ये ते मावलं. डिस्क राउटरच्या पाठीमागच्या निळ्या यूएसबी पोर्टात खोचली आणि राउटरवरच ठेवून दिली. आता आई तिच्या खोलीतल्या टीव्हीवर रिमोटनं हवी ती कॅसेट लावते. पत्र्याची पेटी माळ्यावर गेली आणि डिस्कचं नाव 'बाबांची पेटी' पडलं.

आमचं घर इंदिरानगरला, दुसऱ्या मजल्यावर. राउटर हॉलमधल्या शोकेसमध्ये, आईची खोली दोन विटांच्या भिंती ओलांडून. ताई मस्कतला असते. दर रविवारी रात्री साडेआठला, तिकडे सात वाजलेले असतात, तिचा व्हिडिओ कॉल येतो. पेटी लावल्यानंतरच्या रविवारपासून काय व्हायचं, तर आईला ताई छान दिसायची, तिचा आवाजही बऱ्यापैकी यायचा. पण तिकडे आई गोठलेली. "आई, तू बोलतच नाहीस. बरं नाहीये का?" असं ताई विचारायची. आई मोठ्यानं बोलायची, मग आणखी मोठ्यानं, आणि पाच मिनिटांत फोन माझ्या हातात द्यायची. "राहू दे, तिला घाई असेल."

हे मला फार लागलं. आईला गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नाही. आठवड्यातला तो अर्धा तास तिच्यासाठी सण असतो.

लाइनवाला दोनदा येऊन गेला. कनेक्टर बदलला, हॉलमध्ये उभं राहून स्पीड मोजला, भरपूर आला. "मॅडम, फोन जुना झालाय" म्हणाला. फोन रिसेट केला, फरक नाही. मी वाय-फायचे चॅनल बदलून पाहिले. १, ६, ११ सगळे झाले. बाकी घरात काहीच तक्रार नव्हती. माझा लॅपटॉप पळत होता, आईच्याच खोलीतला टीव्ही आजीच्या ओव्या अजिबात न अडखळता ऐकवत होता. त्यामुळे मलाही फोनच बिघडलाय असं वाटायला लागलं, आणि नवा घ्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

मग एका दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर राउटर चालू राहिला. डिस्क उगाच बंद-चालू होऊ नये म्हणून मी ती काढून ठेवली होती. नेमका तेव्हाच ताईचा फोन आला आणि आई तब्बल चाळीस मिनिटं बोलली. एकदाही गोठली नाही. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "पेटी काढलीस ना?"

त्या रात्री मी वहीत दोन रकाने आखले आणि मोजायला बसले. राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला वेगवेगळी नावं दिली. आईचा फोन फक्त २.४ पकडतो. टीव्ही आणि लॅपटॉप आपसूक ५ वर जात होते, म्हणून त्यांना काही झालं नव्हतं. लॅपटॉप मुद्दाम २.४ वर घेतला, आईच्या पलंगावर ठेवला आणि राउटरला शंभर पिंग, म्हणजे 'ऐकू येतंय का' असं विचारून उत्तर मागणारे छोटे संदेश, पाठवले. डिस्क काढलेली असताना शंभरच्या शंभर परत आले, प्रत्येकी तीन-चार मिलिसेकंदांत. डिस्क लावली, तर एकतीस हरवले आणि जे आले त्यातले कित्येक दोनशेच्या वर. आईच्या फोनमध्ये लिंक स्पीड, म्हणजे राउटरशी बोलण्याचा वेग दिसतो, तो सेकंदाला ७२ मेगाबिटांवरून ६ वर उतरला. मी चक्रावले ती वायफायच्या दांड्यांनी. डिस्क असो वा नसो, दांड्या तेवढ्याच. सिग्नलचा आकडा दोन्ही वेळा तोच, उणे ५४ डीबीएम.

सिग्नल कमी झालाच नव्हता, नको त्या लहरींचा गोंगाट वाढला होता.

शिकवणीत गणित शिकवते, म्हणून हे कागदावर मांडून बघितल्याशिवाय चैन पडेना. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट्स जातात. समजा, शून्य-एक, शून्य-एक असे बिट्स आलटून पालटून गेले, तर दोन बिटांची मिळून एक लाट होते. म्हणजे सेकंदाला अडीच अब्ज लाटा, २.५ गिगाहर्ट्झ. वाय-फायचा पट्टा २.४ ला सुरू होतो, अगदी शेजारी. शिवाय यूएसबीत बिट्स मुद्दाम विस्कटून पाठवतात, त्यामुळे हा गोंगाट एका जागी न राहता अख्ख्या पट्ट्यावर पसरतो. आता कळलं, चॅनल बदलून काही का होत नव्हतं. १, ६ आणि ११ तिघेही त्याच पट्ट्यात बसलेले. ५ च्या पट्ट्यात तो फार कमी पोचतो.

ही गोष्ट इंटेलनं एप्रिल २०१२ मध्येच कागदपत्र काढून सांगितली आहे. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ ते २.५ च्या पट्ट्यातला गोंगाट जवळजवळ २० डेसिबलनं चढतो, असं त्यांना मोजमापात दिसलं. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. गोंगाट पोर्टातून, तारेतून आणि खुद्द डिस्कमधूनही बाहेर पडतो. वायरलेस माउसचा कॉम्प्युटरला लावायचा बारका डोंगल अशा पोर्टाशेजारी लावला की माउस अडखळतो, तेही याच कारणानं.

पण ताई दिसते आणि आई गोठते, हे असं एकतर्फी का? गणपतीच्या मिरवणुकीत मेन रोडवर नाशिक ढोलाच्या अगदी मधोमध कुणी उभा आहे असं समजा. तो गळा काढून ओरडला तर गल्लीच्या तोंडाशी तुम्हाला ऐकू येईल, कारण तुमच्या कानाशी ढोल नाही. तुम्ही कितीही हाका मारा, त्याला काही कळणार नाही. आमचा राउटर असा ढोलात उभा होता, डिस्क त्याच्या अँटेनांना टेकलेली. राउटर आईच्या फोनला ऐकू येत होता. आईचा फोन राउटरला ऐकू येत नव्हता. आई मोठ्यानं बोलत होती ते शब्द हॉलमधल्या शोकेसपाशी येऊन बुडत होते.

उपाय सोपा निघाला. माझ्या राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी पोर्ट ३.० वरून २.० वर उतरवायची सोय आहे. २.० मध्ये बिट्स सेकंदाला ४८ कोटी, त्याचा सूर वाय-फायपासून कितीतरी खाली. वेग कमी होतो, पण बिनदाबलेल्या आवाजाला सेकंदाला १४ लाख बिट्स पुरतात. घरातल्या पाच जणांनी पाच कॅसेट एकदम लावल्या तरी पुरून उरेल. ज्यांच्या राउटरला ती सोय नाही त्यांनी यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल मध्ये घालावी. तिच्यात चारच तारा असतात, ३.० ला नऊ लागतात, त्यामुळे जोडणी आपोआप २.० वर येते आणि डिस्कही लांब जाते.

डिस्क राउटरपासून लांब ठेवायला मलाही केबल हवीच होती, ती घ्यायला मी एमजी रोडवर गेले. दुकानदार ३.० ची पुढे करत राहिला, "मॅडम, ही फास्ट आहे." त्याला समजावून २.० ची घेतली. पहिली आणली ती फार बारीक होती, डिस्क नुसती टकटक करायला लागली. २.० च्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर मिळणं अपेक्षित असतं, ३.० मधून ९००. फिरणारी डिस्क सुरू होताना जास्त ओढते आणि बारीक तारेत आणखी घट होते. तशी टकटक ऐकू आली तर लगेच काढा, आतला माल जाईल. दुसऱ्या खेपेला अर्ध्या मीटरची, जाड, आत तारांभोवती धातूची जाळी असलेली घेतली. डिस्क आता शोकेसच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आहे. शिकवणीच्या एका मुलानं डिस्कला फॉइल गुंडाळायला सुचवलं होतं. ते मी केलं नाही, नाशिकच्या मे महिन्यात डिस्क आतून भाजली असती.

पुन्हा शंभर पिंग पाठवले. शंभर आले.

परवाच्या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा टीव्हीवर १९८६ ची कॅसेट चालू होती. मी बंद करायला उठले, आईनं हातानंच थांबवलं. ताई बोलता बोलता गप्प झाली.

"आई, मागे कसली घरघर येतेय?"

"जातं आहे," आई म्हणाली. "तुझी आजी दळतेय."

मग दोघी काहीच बोलल्या नाहीत. बाजू संपेपर्यंत कॉल चालू होता.