पुण्याच्या नळाचं पाणी आणि मलावीचे मासे

आफ्रिकन सिक्लिड, म्हणजे मलावीसारख्या आफ्रिकेतल्या तळ्यांतले रंगीत मासे, घेतले की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कलाइन याचा आकडा) किती ठेवायचा? आणि मला दरवेळी वाटतं की आधी केएच विचारा हो, पीएचचं नंतर बघू. दुकानात पीएच वाढवायची बाटली मिळते, ती ओतली की संध्याकाळी पीएच ८.४ दिसतो, दोन दिवसांनी परत ७.२, मग परत बाटली, आणि हे वर-खाली माशांना जेवढं जाचतं तेवढा स्थिर ७.६ कधीच जाचत नाही. आपल्याकडे दुकानात मिळणारे येलो लॅब, रेड झेब्रा, पीकॉक बहुतेक चेन्नईच्या कोळथूरसारख्या ठिकाणी टाक्यांत पिढ्यान् पिढ्या वाढलेले असतात, त्यांना अगदी तळ्यातला आकडा हवाच असतो असं नाही, पण रोज बदलणारं पाणी मात्र कुठल्याच माशाला सोसत नाही.

थोडक्यात सांगते. केएच म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट, टँकमध्ये तयार होणारं आम्ल ते गिळून टाकतं आणि पीएच खाली पडू देत नाही. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. दोन्ही वेगवेगळे मोजायचे, दोन्ही वेगवेगळे वाढवायचे. आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून किती ते दाखवणारा मीटर, यातलं काहीही सांगत नाही! आरओवाल्यामुळे टीडीएस मीटर आता घरोघरी आहे, लोक ३०० दाखवतंय म्हणजे हार्ड पाणी म्हणून मोकळे होतात, पण त्या ३०० मध्ये नुसतं मीठसुद्धा असू शकतं. थेंबांचं किट घ्या. केएचच्या किटमध्ये निळ्याचं पिवळं होईपर्यंत जितके थेंब लागतात तितकी डिग्री, इतकं सोपं आहे ते.

आता मूळ तळ्यांकडे बघू, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मलावी तळ्यात पीएच साधारण ७.८ ते ८.६, केएच ६ ते ८ आणि जीएच ४ ते ६. नीट बघा, केएच जीएचपेक्षा जास्त आहे. म्हणजे हे पाणी अल्कलाइन आहे, पण आपण बोअरचं समजतो तसं जड पाणी नाही. आफ्रिकेतलंच टांगानिका तळं त्याच्या कितीतरी पुढे, पीएच ९ च्या आसपास, केएच १६-१८, आणि तिथे कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम जास्त. ते येतं रुझिझी नदीतून, जी किवू तळ्याकडच्या ज्वालामुखीच्या मुलखातून खनिजं घेऊन उतरते. मलावीचं बहुतेक पाणी वाफ होऊनच जातं, शिरे नदीतून बाहेर पडणारं पाणी त्या मानाने थोडं, त्यामुळे खनिजं मागे राहतात. आणि एवढ्या प्रचंड साठ्यात पाण्याची केमिस्ट्री एका दिवसात काय, एका वर्षातही फारशी हलत नाही. माशांना सवय आहे ती या न हलण्याची.

आपलं पाणी याच्या अगदी उलट. पुण्यात खडकवासल्याचं, मुंबईत तानसा-भातसाचं, म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस बेसॉल्टवरून वाहून धरणात साठतो, त्यात विरघळायला फारसं काही नसतंच. माझ्या नळाला केएच ३ च्या आसपास येतो, जीएचही तेवढाच. त्यात पावसाळ्यात पाणी गढूळ येतं म्हणून तुरटीचा डोस वाढतो, आणि तुरटी केएच खाते. क्लोरीनही तेव्हा जास्त असतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी दर वॉटर चेंजला नळाचं पाणी आधी मोजते, उन्हाळ्यातला हिशोब पावसाळ्यात चालत नाही. ज्यांच्या सोसायटीला बोअर किंवा टँकर आहे त्यांचं गणित वेगळं, त्यांचा केएच-जीएच आधीच भरपूर असतो, त्यांनी काही घालूच नये, फक्त नायट्रेट बघावं आणि दर टँकरचं पाणी सारखंच असेल असं धरून चालू नये.

मी करते ते असं. केएचसाठी खाण्याचा सोडा. १०० लिटर पाण्याचा केएच १ डिग्रीने वाढवायला ३ ग्रॅम. जीएचसाठी एप्सम सॉल्ट, १०० लिटरला १ डिग्रीसाठी साधारण साडेचार ग्रॅम. समजा टँक २०० लिटरचा आहे आणि ३० टक्के पाणी बदलायचंय, तर बाल्कनीतल्या ड्रममध्ये ६० लिटर भरते, क्लोरीन काढायचं औषध घालते, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) रात्रभर सोडते. केएच ३ वरून ८ करायचा तर ९ ग्रॅम सोडा, जीएच ३ वरून ५ करायचा तर साडेपाच ग्रॅमच्या आसपास एप्सम. दोन्ही वेगवेगळ्या मगमध्ये विरघळवून ड्रममध्ये, ड्रममधून टँकमध्ये. थेट टँकमध्ये पावडर कधीच नाही. सोड्याचं पाणी हवेशी जुळलं की पीएच आपोआप ८.३ ते ८.६ च्या दरम्यान येऊन थांबतो, त्याच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. किचनमधला डिजिटल वजनकाटा वापरा, चमच्याचा भरवसा नाही.

सोडा घेताना पाकीट वाचा बरं का. बेकिंग पावडर नको, त्यात आम्ल आणि स्टार्च असतं. इनो नको. धुण्याचा सोडा तर अजिबात नको, तो पीएच एकदम खूप वर नेतो. एप्सम मेडिकलमध्ये मिळतं, खताच्या दुकानातलं स्वस्त असतं पण मी मेडिकलचंच घेते. आणि खडे मीठ! दुकानदार मूठभर मीठ टाका सांगतात, पण साध्या मिठाने केएचही वाढत नाही आणि जीएचही नाही, टीडीएस तेवढा वाढतो आणि मीटरकडे बघून उगाच समाधान वाटतं.

दगडांबद्दल. मबुनांना, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडना, गुहा लागतातच, त्यासाठी शहाबादी फरशीचे तुकडे मला फार आवडतात, चुनखडीचा दगड आहे, सपाट रचता येतो. लिंबू पिळलं की बुडबुडे येतात तो दगड चुन्याचा, काळा पत्थर ढिम्म राहतो. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून फिल्टरमध्ये ठेवल्या तरी चालतात. पण यातलं काहीही पीएच ८.५ वर नेणार नाही, कारण पाणी अल्कलाइन झालं की चुना विरघळायचा जवळजवळ थांबतो. हा आधार आहे, मुख्य काम सोड्याचंच. कोरलचे तुकडे मात्र घेऊ नका, आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि समुद्राचं वाटोळं करून मिळवण्यासारखं त्यात काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ८.५ ला तब्बल १५ टक्के. म्हणून सिक्लिडच्या टँकला फिल्टर मोठा लागतो आणि सायकल पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार झाल्याशिवाय, मासे सोडायचे नाहीत. माझ्या एका मित्राच्या टँकला बरेच महिने फक्त पाण्याची भर घातली जात होती, बदल नाहीच. फिल्टरमधले बॅक्टेरिया काम करताना केएच खर्च करतात, तो संपला, पीएच साडेसहाच्या खाली आला, मग बॅक्टेरियाच मंदावले आणि अमोनिया साठत गेला, पण त्या पीएचला तो बिनविषारी रूपात होता म्हणून मासे वरवर ठीक दिसत होते. मग एका रविवारी त्याने उत्साहाने अर्धं पाणी बदललं, सोडा घालून. पीएच वर गेला आणि साठलेला अमोनिया तिथल्या तिथे विषारी झाला. रात्रीपर्यंत त्याच्या डेमासोनी सिक्लिडचा अख्खा घोळका गेला. मला अजून वाईट वाटतं, कारण तो माणूस त्यांच्यासाठी चांगलंच करायला गेला होता. असा जुना टँक हाती आला तर आधी अमोनिया मोजा, टँकच्याच पीएचचं पाणी दररोज थोडं थोडं बदलून अमोनिया उतरवा, आणि मगच केएच वाढवा, तोही दिवसाला एखाद-दुसरी डिग्री.

नवीन मासे आणताना हीच गोष्ट लक्षात ठेवा. जवळच्या दुकानातून आणले असतील तर बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी बादलीत सोडत तास-दीड तास द्या, दुकानाचं पाणी बऱ्याचदा साधं नळाचं असतं. पण रात्रभर कुरियरने चेन्नईहून आलेल्या पिशवीला हे करू नका, त्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया दोन्ही साठलेले असतात, पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो आणि थेंब थेंब करत बसलात तर मासे त्या विषात तासभर पोहत राहतात. तिथे बंद पिशवी पाण्यावर तरंगवून तापमान जुळवा, आधीच वेगळ्या टाकीत विक्रेत्याला विचारून त्याच्याकडच्यासारखं पाणी करून ठेवा, पिशवी फोडा, मासे जाळीने उचलून लगेच त्या टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता.