बेलफास्ट सेल्टिक: तक्ता १९४९पर्यंत पोचला

बंद पडलेल्या आयरिश फुटबॉल क्लबांचा हंगामवार तक्ता मी बनवतोय, त्यातली बेलफास्ट सेल्टिकची फाईल एकदाची शेवटच्या हंगामाला टेकली. स्थापना १८९१, नाव ग्लासगोच्या सेल्टिकवरून, मैदान पश्चिम बेलफास्टमध्ये डोनेगॉल रोडवरचं सेल्टिक पार्क. १४ लीग विजेतेपदं, ८ आयरिश कप.

त्या १४मध्ये युद्धकाळातल्या रीजनल लीगचं काही धरत नाहीत. १९४० ते ४७ आयरिश लीग थांबली होती आणि तिच्या जागी रीजनल लीग चालायची. तीही यांनी चारदा मारली. त्या ओळी मी वेगळ्या रंगात ठेवल्यात, कारण त्या लपवल्या तर एलिशा स्कॉटचा काळ कळतच नाही. लिव्हरपूलचा हा नावाजलेला गोलकीपर १९३४ साली इथे आला, मग मॅनेजर म्हणून शेवटपर्यंत राहिला. १९३६ ते ४० सलग पाच लीग, लगेच रीजनलच्या दोन. सात वर्षं ओळीने पहिला नंबर!

मला जास्त खिळवलं ते रिकाम्या ओळींनी. १९२०च्या आयरिश कपात ग्लेंटोरनविरुद्धच्या सेमीफायनलला प्रेक्षकांतून गोळीबार झाला, सेल्टिकला कपातून काढलं आणि फायनल न होताच कप शेलबर्नला गेला. शहरात दंगली पेटलेल्या. क्लबने लीगही सोडली, ती थेट १९२४पर्यंत. परत आल्यावर १९२६ ते २९ सलग चार विजेतेपदं. म्हणजे बाहेर पडणं या क्लबला नवीन नव्हतं. १९४९मध्ये क्लब कायमचा बाहेर पडला, ती गोष्ट सांगताना हे बहुतेक जण गाळतात.

आता २७ डिसेंबर १९४८. लिनफिल्डचं मैदान विंडसर पार्क, समोर शहरातलेच हे कट्टर प्रतिस्पर्धी. सेल्टिकचा सेंटर फॉरवर्ड जिमी जोन्स आणि लिनफिल्डचा बॉब ब्रायसन यांची टक्कर झाली, त्यात ब्रायसन जायबंदी. हाफटाइमला लाउडस्पीकरवरून जाहीर केलं की त्याचा पाय मोडलाय. भरल्या स्टेडियममध्ये, तेही या सामन्यात, असली घोषणा करायची गरज काय होती? दुसऱ्या हाफमध्ये दोन्हीकडचा एकेक जण बाहेर काढला गेला, जायबंदी झालेले धरून लिनफिल्डचे उरले आठ. हॅरी वॉकरच्या पेनल्टीवर सेल्टिक पुढे गेलं, पण अगदी शेवटी बिली सिम्पसनने बरोबरी केली. १-१. शिट्टी वाजली आणि जमाव मैदानात घुसला. जोन्सला कठड्यापलीकडे प्रेक्षकांत पाडून तुडवलं, त्याचा पाय मोडला. रॉबिन लॉलर आणि गोलकीपर केव्हिन मॅकअलिंडेन यांनाही मारहाण झाली.

सेल्टिकचे पाठीराखे मुख्यतः कॅथलिक, लिनफिल्डचे प्रोटेस्टंट, एवढं आपल्याला माहीत असतंच. पण जोन्स स्वतः प्रोटेस्टंट. मॅनेजर स्कॉटही. क्लब खेळाडूची जात-पात बघत नव्हता, म्हणून ‘कॅथलिकांचा क्लब’ असा शेरा मी रकान्यात टाकलेला नाही.

हंगाम संपल्यावर क्लब लीगमधून बाहेर पडला, त्याची जागा क्रुसेडर्सला मिळाली. मग संघ अमेरिका दौऱ्यावर गेला आणि २९ मे १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये चक्क स्कॉटलंडला २-० हरवलं. दोन्ही गोल जॉनी कॅम्पबेलचे. मोडकळीला आलेला संघ असा खेळतो का हो?

या वेळी ते परत का आले नाहीत, यावर माझा अंदाज असा: आयर्लंडमधली पहिली ग्रेहाउंड शर्यत १९२७ साली याच मैदानावर झाली होती आणि कुत्र्यांच्या शर्यती पुढेही चालू राहिल्या. मैदान फुटबॉलशिवायही कमाई करत असेल तर परतायची घाई कोणाला? १९२०मध्ये ही सोय नव्हती. कोणाचं वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

जोन्सची ओळ इथे तुटत नाही, ती ग्लेनाव्हन क्लबच्या पानावर जाते. मोडलेल्या पायाने हा माणूस पुन्हा उभा राहिला आणि १९५६-५७च्या एकाच हंगामात ७४ गोल ठोकले. तो रकाना भरताना मजा आली.

नकाशाचं काम बाकी आहे. सेल्टिक पार्कच्या जागी आता पार्क सेंटर नावाचं मॉल आहे, आणि तिथून विंडसर पार्क इतकं जवळ, की मधे एम-१ महामार्ग आडवा असला तरी चालत गाठता येतं. जुना नकाशा त्यावर बसवला की टाकतो. पुढची फाईल कॉर्क हायबर्नियन्स. १९७१चे लीग विजेते, १९७६ला गाशा गुंडाळला.