घड्याळ पुण्याचं, सूर्य अंदमानचा

पहिल्याच संध्याकाळी आमचा पचका झाला. दुपारी विमानातून उतरलो, जेवलो, शीण आला म्हणून जरा आडवे झालो आणि पाचला चहा पिऊन, दुर्बिणी गळ्यात अडकवून रुबाबात खाली आलो. गाईड स्कूटरला टेकून उभा होता. आधी आमच्याकडे, मग आभाळाकडे बघत म्हणाला, "अभी क्या देखोगे सर? सूरज तो जा रहा है." अर्ध्या तासात सूर्य बुडाला आणि सहाच्या आत मिट्ट काळोख. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. त्या वेळी पुण्यात लोक नुकते कुठे तळजाईवर फिरायला निघालेले असतात.

पुणे ७४ रेखांशाच्या आसपास, पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण तिथे सूर्य सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. शाळेत हे सगळ्यांनी घोकलेलं असतं, पण हॉटेलात नाश्ता आठला आहे हे कळल्यावर कुणालाच आठवत नाही. पक्षी बघायला जाणार असाल तर नाश्त्याचा नाद आधीच सोडा. आमचा पुढच्या पाच दिवसांचा क्रम असा ठरला: पावणेचारला उठायचं, साडेचारला गाडीत, दहाला परत, जेवून झोप, तीनला पुन्हा बाहेर, रात्री आठला पाठ टेकायची. गाडी ठरवतानाच "पहाटे साडेचार" हे शब्द चालकाकडून दोनदा वदवून घ्या. तिथल्या टॅक्सीवाल्यांना साडेआठला निघून बेटं दाखवायची सवय असते.

आम्ही सात जण. रविवारी सकाळी कवडीपाटला भेटणारी, हिवाळ्यात भिगवणला एकदा तरी जाणारी मंडळी. सर्वांत ज्येष्ठ म्हणजे सदाशिव पेठेतल्या काकू. वय अडुसष्ट, दुर्बीण तीस वर्षं जुनी, आणि पक्ष्यांची नावं मराठीतच सांगणार असा हट्ट. पुण्याहून चेन्नई आणि तिथून बंगालच्या उपसागरावरून दोनेक तास, असा विमानप्रवास. शहराचं नाव २०२४ साली श्री विजयपुरम झालं आहे, तेव्हा तिकिटावर ते वाचून गोंधळू नका. रिक्षावाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, मीही तेच म्हणतो आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठरल्याप्रमाणे निघालो. शोल बेच्या रस्त्यावर गाडी थांबली, दार उघडून मी खाली पाय टाकला तोच गाईडने हात वर केला. रस्त्याच्या कडेला, गवताच्या तोंडाशी काहीतरी तांबूस हललं. दुर्बीण डोळ्याला लावली तर समोर दूध. नुसतं पांढरं. रात्रभर एसीच्या खोलीत गार झालेल्या भिंगांवर बाहेरच्या दमट हवेची वाफ बसली होती. शर्टाच्या टोकाने पुसलं, पुन्हा वाफ. पुन्हा पुसलं, पुन्हा तेच. शेजारी दोघांच्या कॅमेऱ्यांची हीच गत. भिंगं स्वच्छ व्हायला पंधरा मिनिटं गेली आणि तोवर अंदमान फटाकडी (पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी) गवतात शिरून दिसेनाशी झाली होती. ही फटाकडी जगात फक्त अंदमानात. तांबूस अंग, पोटावर काळे-पांढरे पट्टे आणि चोच कच्च्या कैरीसारखी हिरवी, हे सगळं गाईडने आम्हाला तोंडी सांगितलं. तेव्हा दुर्बीण आणि कॅमेरा रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका. बाथरूममध्ये ठेवा, नाहीतर झोपतानाच एसी बंद करा. गाईड हे आधी सांगू शकला असता, पण त्याला वाटलं की एवढ्या महागड्या दुर्बिणीवाल्यांना ठाऊकच असणार.

अंदमानात पक्ष्यांच्या जाती मोजून फार होत नाहीत. भिगवणला एका सकाळी वहीची दोन पानं भरतात, इथे पान रिकामं राहतं. पण जे दिसतं त्यातलं बरंचसं दुसरीकडे कुठेच नाही. असे वीसेक पक्षी आहेत, कुणाची वर्गवारी मानता त्यावर आकडा थोडा पुढे-मागे होतो. आणि मजा अशी की पुण्याच्या माणसाला हे सगळे ओळखीच्या घरातले चुलत भाऊ वाटतात. अंदमानचा भारद्वाज म्हणजे आपल्याकडचा भारद्वाज चहात बुडवून काढलेला, काळा रंग कुठे उरलेलाच नाही. टकाचोर आपल्या टकाचोरापेक्षा गडद आणि कमालीचा लाजाळू. तो एकटा शोधत बसू नका. कोतवालांचा कलकलाट करणारा मिश्र थवा झाडाच्या शेंड्यांवरून सरकत असतो, त्याच्या मागच्या बाजूला टकाचोर सापडतो. आम्हाला तो चिडिया टापूला असाच मिळाला. पांढऱ्या डोक्याच्या मैना मात्र विजेच्या तारांवर आरामात बसलेल्या असतात, त्यांच्यासाठी पहाट खर्ची घालू नका.

सुतार पक्ष्याची गोष्ट वेगळी. अख्खा काळा, डोक्यावर लाल तुरा, आणि आकाराने चांगलाच मोठा. माउंट मणिपूरच्या चढावर (२०२१ पर्यंत याला माउंट हॅरिएट म्हणत) एका वाळलेल्या गर्जन वृक्षावर तो ठोकत होता. कुणीतरी कवाडावर मोगरी मारतंय असा आवाज. आम्ही सातही जण मान वर करून वीस मिनिटं उभे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या माना धरल्या होत्या, तरी ती सकाळ पैसे वसूल. तिथे जायला चॅथमहून बांबू फ्लॅटची फेरी पकडावी लागते, गाडीसकट. पहिल्या फेरीची वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन विचारा, हॉटेलच्या काउंटरवर विचारू नका. आम्हाला काउंटरवर सांगितलेली वेळ अर्ध्या तासाने चुकली. याच डोंगराच्या पायथ्याशी, होपटाउनच्या धक्क्यावर ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेर अली आफ्रिदीने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकलं. मेयो वरून सूर्यास्त बघून उतरत होता. अंधार लवकर पडतो हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसावं.

सगळ्यांत जास्त वेळ आम्ही घालवला तो मात्र जंगलात नाही, सिप्पीघाटच्या पाण्यापाशी. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन मीटरभराच्या आसपास खाली गेली. त्सुनामीची लाट आली तशी ओसरली, पण खचलेल्या शेतांत शिरलेलं खारं पाणी परत गेलंच नाही. भाताची खाचरं होती तिथे आता भरती-ओहोटीचं दलदलीचं तळं आहे, मधेमधे वाळक्या झाडांचे खुंट उभे. त्या खुंटांवर खंड्या बसतो, खाली चिखलात तुतवार आणि सोनचिखले धावतात, आणि कडेच्या पाणवनस्पतींत अंदमानचं बदक. तपकिरी, डोळ्याभोवती पांढरं कडं, जणू चष्मा घालून झोपलंय. दिवसा ते बहुधा झोपलेलंच असतं, चरायला बाहेर पडतं ते अंधारात. म्हणून इथे चारनंतर या आणि उजेड जाईपर्यंत थांबा. आम्ही थांबलो तेव्हा एकामागून एक अकरा बदकं उठून खाडीकडे गेली.

रस्त्याकडेला एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून आमच्याकडे बघत उभे होते. काकूंनी त्यांना दुर्बीण दिली. त्यांनी ती बदकांकडे न वळवता तळ्याच्या मधोमध धरली आणि म्हणाले, "वो जो तीन ठूंठ है ना, उधर मेरा नारियल था." पुढे काही बोलले नाहीत, दुर्बीण परत दिली आणि गेले. काकूंनी त्यानंतर बराच वेळ वही उघडली नाही. पाण्याच्या कडेला मगरीची पाटी आहे, ती शोभेची नाही. इथल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी मोठ्या होतात. फोटोसाठी काठावर गुडघे टेकून बसू नका.

घुबडांसाठी चिडिया टापू. शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. सूर्यास्त बघायला तिथे गर्दी लोटते आणि अंधार पडताच सगळे भज्यांची पुडी संपवून निघून जातात. खरी वेळ तिथून पुढे. साडेसहाला रातव्याचा (रात्री उडत किडे टिपणारा पक्षी) आवाज सुरू झाला, मग डोंगराच्या कुशीतून ह्यूमच्या घुबडाचं "ऊ-वक, ऊ-वक". ज्याच्या नावाचं हे घुबड तो ॲलन ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतलाच. पक्ष्यांपायी १८७३ साली तो अंदमानला आला होता. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५ साली पुण्यातच भरायचं होतं, पटकी पसरली म्हणून मुंबईला गेलं. हे काकूंनी तिथे काळोखात कुजबुजत सांगितलं आणि गाईडने त्यांना गप्प बसवलं.

त्याच रात्री आमच्यात थोडी वादावादीही झाली. गाईडने मोबाईलला स्पीकर जोडून घुबडाचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला. घुबड तिसऱ्या मिनिटाला आमच्या डोक्यावर. फोटोवाले खूश. मला ते पटत नाही. पक्ष्याला वाटतं की हद्दीत दुसरा नर घुसला, तो सगळं टाकून येतो, आणि दर संध्याकाळी कुठली ना कुठली टोळी तिथे स्पीकर घेऊन येणारच. विणीच्या तोंडावर तर हा छळच. आम्ही त्याला स्पीकर बंद करायला सांगितलं. तो हसून म्हणाला, "आप पहले ग्रुप हो जो मना कर रहे हो." त्यानंतरचं अंदमान रातव्याचं दर्शन पाऊण तास थांबून मिळालं, रस्त्याच्या मधोमध बसलेला, टॉर्चमध्ये डोळा निखाऱ्यासारखा. गाईड ठरवतानाच या बाबतीत बोलून घ्या. टॉर्चही डोळ्यांवर रोखून धरायचा नाही, कडेने.

बाराटांग बेटावर जावं की नाही यावर गटात दोन तट पडले. तिथे पॅरट आयलंडवर संध्याकाळी हजारो पोपट रात्रीच्या मुक्कामाला येतात, आणि ते बघायचं तर बाराटांगला राहावं लागतं. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळी सुटतो, मधे थांबायचं नाही, फोटो काढणं गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली रस्त्याचा हा भाग बंद करायला सांगितलं होतं, तो अजून चालू आहे. चौघे गेले, तिघे राहिलो. गेलेल्यांनी पोपटांचं फार कौतुक केलं. पुढच्या गाडीतली माणसं काचेला नाक लावून कुणाला शोधत होती, हेही त्यांनीच सांगितलं. राहिलेले आम्ही तिघे सेल्युलर जेलला गेलो. सावरकरांच्या कोठडीत पुण्यातलाच आणखी एक ग्रुप भेटला, त्यात माझ्या मेव्हण्याचे शेजारी.

आणि हो, यादीत "नारकोंडम धनेश" लिहिणाऱ्या सहल कंपनीपासून सावध. तो धनेश सात चौरस किलोमीटरच्या त्या एकाच बेटावर आहे आणि सर्वसामान्य पर्यटकाला तिथे उतरता येत नाही.

सामानाबद्दल थोडं. पूर्ण बाह्यांचे मळखाऊ कपडे घ्या, किनाऱ्यावरच्या बारीक माश्या चावल्या की आठवडाभर खाजवत बसाल. कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते, जंगलात उजेड कमी असतो म्हणून बारीक भिंगाच्या दुर्बिणीच्या मोहात पडू नका. बोटीने स्वराज द्वीपला जाणार असाल तर मळमळीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी, बोट हलायला लागल्यावर नाही. शंख-पोवळी उचलून आणू नका, विमानतळावर काढून घेतात आणि वर खटला. पहाटे खायला काही मिळत नाही. आमचे पाच दिवस बाकरवडी आणि थर्मासमधल्या चहावर निघाले. डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, पण पहाट अधूनमधून ओलीच असते.

शेवटच्या दिवशी दुपारचं विमान होतं. गाईडने विचारलं, झोपणार की शोल बे? गेलो. आदल्या रात्री हॉटेलात वीज गेली होती, काकूंना उकडत होतं म्हणून वीज आल्यावर त्यांनी एसी लावला होता आणि दुर्बीण उशाशी विसरल्या होत्या. गाडीतून उतरल्यावर त्यांची भिंगं पांढरीफटक. त्या वैतागून दुर्बीण पाठीवर टाकून सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या. आम्ही उरलेले सहा जण दुर्बिणी लावून दूरचं गवत विंचरत होतो. काकू एकदम थांबल्या आणि हात मागे करून बोटं हलवली. त्यांच्यापासून दहा पावलांवर, गटाराच्या कडेला, कोंबडीच्या पिल्लासारखी पानं उलटत फटाकडी चालली होती. आमच्या दुर्बिणी इतक्या जवळचं पकडेनात. हिरवी चोच काकूंनी उघड्या डोळ्यांनी पाहिली. मग ती गवतात गेली.

काकूंनी वही काढली. घड्याळ बघून लिहिलं: अंदमान फटाकडी, एक, पहाटे ५.३२.