भारीटांच्या माद्या: अखेर एकीची कंबर दिसली

दिसली एकदाची! अंगणात येणाऱ्या भारीट या चिमणीसारख्या दाणेखाऊ पक्ष्याच्या मादीची कंबर. परातीच्या काठावर अंघोळ उरकून तिने पंख झटकले, क्षणभर ढिले सोडले आणि शेपटीच्या वरचा तो पट्टा उन्हात लख्ख दिसला. विटकरी झाक, हिरवट-पिवळ्याचा लवलेश नाही. वहीत ‘काळ्या डोक्याचा भारीट, मादी १’ असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं नाही. या हंगामातली ही पहिलीच.

बाकीच्यांचं थोडक्यात. चिमण्या एका वेळी जास्तीत जास्त २६, होले १४, पांढऱ्या कंठाच्या मुनिया ९. सातभाई येतात, भांडतात, जातात. शिक्रा घिरट्या घालून गेला की अर्धा तास सगळा शुकशुकाट. मोजायची पद्धत तीच: दिवसभराची बेरीज नाही, एका नजरेत दिसलेला सगळ्यात मोठा आकडा. अमेरिका-कॅनडात दाणापाण्यावरचे पक्षी मोजणारे हौशी लोक हाच नियम पाळतात. नाहीतर तीच चिमणी दहा वेळा आली की दहा चिमण्या होतात.

आता भारीटांकडे. काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा, दोघेही हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि बऱ्याचदा एकाच थव्यात असतात. माहेरं मात्र वेगळी. काळ्या डोक्याचा आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यातला, लाल डोक्याचा मध्य आशियातला. नर ओळखायला फारसा त्रास नाही. काळ्या डोक्याच्या नराच्या नव्या पिसांच्या फिक्या कडांनी हिवाळ्यात डोक्याचा काळा रंग झाकलेला असतो. कडा झिजल्या की फेब्रुवारी-मार्चपर्यंत तो उघडा पडतो. माद्यांनीच डोकं उठवलंय. दोन्हीकडच्या मातकट, दोन्हीकडच्यांना शेपटीखाली पिवळं. चिमणीपासून वेगळ्या काढायला ते पिवळं पुरतं, एकमेकींपासून काढायला नाही. कंबर विटकरीकडे झुकते की हिरवट-पिवळ्याकडे, आणि चोच लांबट आहे की आखूड, एवढ्यावरच भिस्त. त्यातही कितीतरी माद्या कुठल्याच बाजूला बसत नाहीत.

लिंबाच्या फांदीला ज्वारीच्या कणसांची जुडी टांगली होती. ओट्यावरून पाहिलं की पोट दिसायचं, शेपटीखालचं पिवळं दिसायचं आणि कंबर पंखांखाली गडप. म्हणून कणसं खाली घेतली, अंगणात पत्र्यावर पसरली, शेजारी पाण्याची परात ठेवली आणि मी गच्चीवर जाऊन बसलो. वरून पाठच पाठ! खाणंही नीट दिसतं. भारीट दाणा चोचीत आडवा धरून फिरवतो, टरफल बाजूने गळतं आणि दाणा आत. चिमण्यांची नुसती उधळपट्टी.

बसवलेली घडी दादरने, म्हणजे आपल्या खानदेशातल्या रब्बी ज्वारीने, मोडली. मागच्या शेतातली दादर हुरड्यावर आली आणि भारीट एका सकाळी अंगण सोडून तिकडे पळाले. दुधाळ दाणा समोर असताना माझी वाळलेली कणसं कोण खाणार? वहीतला आकडा ३१ वरून थेट ४ वर. पक्षी कमी झालेले नाहीत, जेवणाचं ठिकाण बदललंय, पण हे नुसत्या आकड्यांवरून कुणाला कळेल? आता रोज आकड्याशेजारी दादरची अवस्था लिहितो: पोटरी, निसवण, हुरडा, पक्की. शेताचे मालक माळ्यावरून ओरडतात, “मी आठे गोफण फिराई राह्यनू आनि तू तठे चिडीस्ले खावाडी राह्यना!” (मी इथे गोफण फिरवतोय आणि तू तिथे पाखरांना खाऊ घालतोयस!) त्यांचंही खोटं नाही. त्यामुळे सध्या दाणे बंद, नुसतं पाणी. आणि गंमत म्हणजे कंबर दिसली ती पाण्यामुळेच. दुपारी ऊन चढलं की तीच मंडळी शेतातून परातीवर येतात.

एक मित्र म्हणाला, सगळ्या माद्या काळ्या डोक्याच्या लिहून टाक, नर तेच जास्त दिसतात ना. खानदेशात तरी असं कुणी म्हणू नये. रानपिंगळ्याचं, त्या दुर्मिळ छोट्या घुबडाचं, काय झालं? १८८४ नंतर त्याचा खात्रीचा, भुसा भरून जपलेला नमुना नव्हता. माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून १९१४ चा नमुना दाखवला. तो निघाला डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आधीच खानदेशात जमवलेला, नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना १९९७ च्या नोव्हेंबरात पक्षी सापडला तो आपल्या शहाद्याजवळ. एका चिठ्ठीने लोकांना भलतीकडे पाठवलं होतं. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर ‘काळ्या/लाल डोक्याचा भारीट’ असा एकत्र पर्याय आहे, तो वापरायला लाज कसली?

सामानाचं म्हणाल तर ऑनलाइन मागवलेलं प्लास्टिकचं नळीवालं भांडं एका खानदेशी उन्हाळ्यात पापडासारखं तडकलं. सोबतच्या ‘मिक्स’मधल्या सूर्यफुलाला खारीशिवाय कुणी तोंड लावलं नाही. आठवडे बाजारातली बाजरी घ्या, एखादी परात घ्या, उरलेले पैसे दुर्बिणीत घाला. तीही ८×४२ च, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. १२×५० गच्चीवरून हातात थरथरते, आणि इतक्या जवळच्या पक्ष्याला ती लागतही नाही.

पुढचा बेत चोचीचा होता. दाणा चोचीत असतानाचा फोटो काढायचा आणि दाण्याला फूटपट्टी समजून लांबी मोजायची. पण लिहिता लिहिताच लक्षात येतंय, लांबी हवीय कशाला? एकाच फोटोत चोचीची लांबी आणि बुडाशी जाडी मोजली की गुणोत्तर मिळतं, त्याला दाणाही नको नि फूटपट्टीही नको. फक्त पक्षी अगदी आडवा बसलेला हवा. मग कॅमेरा गच्चीवर ठेवून उपयोग नाही, परातीच्या पातळीवर खाली आणावा लागेल, आणि कंबर पाहायला मी वरच. म्हणजे एकाच मादीची चोच खालून आणि कंबर वरून, एकाच वेळी. पुतण्याचा जुना मोबाइल परातीजवळ विटेला टेकवून व्हिडिओवर लावून बघतो.

फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या परसबागेतल्या पक्षीगणनेआधी (ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट) हे जमवायचंय. तिथे एका यादीला किमान १५ मिनिटं पुरतात, पण मी दुपारचा पाण्याचा तास धरणार आहे, सकाळ नाही. चोपडा, शिरपूर, शहाद्याकडे कुणाच्या दादरवर भारीट असतील तर माद्यांचे पाठीमागून काढलेले फोटो टाका. कंबर दिसायला हवी, नुसता पिवळा बुडखा नको.