शर्मन येऊन गेला तेव्हा

अटलांटाच्या जवळ राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. एक जानेवारीला सकाळीच शेजारच्या आजींनी दार वाजवलं. हातात झाकलेलं पातेलं. उघडून बघते तर चवळी! चवळी-भात आणि वर चिरलेला कांदा. "तुमची वेगळी केली, यात डुक्कर नाही," म्हणाल्या. आमच्याकडे चवळीची उसळ म्हणजे घरात दुसरं काही नसल्याची कबुली. पाहुण्यांच्या पानात ती कधी पडत नाही. आणि इथे तीच नव्या वर्षाचं पक्वान्न होऊन दारात उभी!

अमेरिकेच्या दक्षिणेत हे घरोघरी असतं, ते पुढे कळलं. चवळी म्हणजे नाणी, कॉलर्डचा हिरवा पाला म्हणजे नोटा, मक्याचा ब्रेड म्हणजे सोनं. त्या दिवशी मात्र मी बावळटासारखं विचारलं, "चवळीच का?"

"शर्मन येऊन गेला तेव्हा एवढंच उरलं होतं."

येऊन गेला! मागच्या आठवड्यात नळ दुरुस्त करणारा येऊन गेला, तसं. नावावरून तर मला तो पलीकडच्या गल्लीतला कुणी शर्मा वाटला. आजी १८६४ सालाबद्दल बोलत होत्या, अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाबद्दल. उत्तरेचा जनरल विल्यम शर्मन त्या नोव्हेंबरात अटलांटा जाळून साठ हजारांच्या फौजेनिशी समुद्राकडे निघाला. वाटेतली कोठारं रिकामी केली, रेल्वेचे रूळ तापवून झाडांभोवती पिळले आणि २१ डिसेंबरला सव्हाना घेतलं. आजींचं मूळ घर मिलेजविलजवळ, म्हणजे जॉर्जियाच्या तेव्हाच्या राजधानीजवळ. ऐन वाटेवर. घरची गोष्ट अशी, की सैनिकांनी डुकरं, कोंबड्या, मका, सगळं नेलं, पण चवळी हा जनावरांचा चारा समजून तेवढी टाकून गेले. त्या चवळीवर घर तगलं.

गोष्ट मला फार आवडली. खरकटी भांडी घासताना शंका आली. हजारो घोडे-खेचरं बरोबर असलेली फौज चारा कशाला सोडेल? आणि चवळी-भाताचा हा प्रकार १८४७ साली चार्ल्सटनच्या एका पाककृतींच्या पुस्तकात छापलेला आहे, शर्मन यायच्या सतरा वर्षं आधी. चवळी मुळात पश्चिम आफ्रिकेची, गुलामांच्या जहाजांबरोबर इथे आलेली. अर्थात हे मी आजींना सांगितलं नाही. कुणाच्या देव्हाऱ्यातला टाक हातात घेऊन 'हा पितळेचा दिसतो' असं म्हणतं का कुणी?

पुढे एकदा त्यांनी चांदीचा एक चमचा दाखवला. कडेला चेपलेला. "शर्मन यायच्या आदल्या रात्री आम्ही सगळी चांदी परसात पुरली. काढताना फावडं लागलं, ती ही खूण."

इंग्रजी इतकी वर्षं बोलते, पण ऐकलेलं मनात मराठीत उतरतं, आणि तिथेच मी अडखळले. त्यांच्या 'वी'चं मी काय करायचं? 'आम्ही' की 'आपण'? इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही खपतं. मराठीत ठरवावं लागतं, ऐकणारा आत की बाहेर. आणि फावडं कुणाच्या हातात होतं, तो कुठे? १८६०च्या जनगणनेत जॉर्जियात ४,६२,१९८ गुलाम होते. शंभरातले चव्वेचाळीस. १९३०च्या दशकात सरकारने जुन्या, सुटलेल्या गुलामांच्या मुलाखती लिहून घेतल्या. त्यांत ही पुरलेली चांदी पुन्हा पुन्हा भेटते. पुरायला कुणाला लावलं होतं, ते तिथे कळतं. आजींच्या वाक्यात ती माणसं 'आम्ही'मध्ये आहेत. चमच्याच्या वारशात नाहीत.

आजी वाईट नाहीत हो. माझ्या बाळंतपणात रोज सूप आणून देणारी बाई. युद्ध कशावरून झालं म्हणून विचारलं, तर 'राज्यांच्या हक्कांवरून' म्हणतात. हे त्यांना घरात आणि शाळेत दोन्हीकडे मिळालं. १८९४ साली दक्षिणेतल्या बायकांनी 'कॉन्फेडरसीच्या कन्या' म्हणून संघटना काढली. कॉन्फेडरसी म्हणजे युद्धात फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं. तिने चौकाचौकात पुतळे उभे केले आणि शाळेत कोणती पुस्तकं लागावीत यावर नजर ठेवली. खरं तर जॉर्जियाचेच अलेक्झांडर स्टीफन्स, बंडखोर राज्यांचे उपाध्यक्ष, १८६१ साली सव्हानात भर सभेत बोलून गेले होते, की गुलामी हाच आमच्या राज्याचा कोनशिलेचा दगड. पण भाषण विसरलं जातं, चमचा राहतो.

माझ्या ऑफिसातली एक काळी मैत्रीणही एक जानेवारीला चवळीच करते. तिच्या घरच्या गोष्टीत शर्मन नाही. ३१ डिसेंबर १८६२ची रात्र आहे. गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा उद्यापासून लागू होणार म्हणून माणसं प्रार्थना करत जागली, ती रात्र. तिच्या चर्चमध्ये आजही त्या रात्री जागतात. त्याआधी एक जानेवारी म्हणजे गुलाम वर्षभराच्या कराराने भाड्याने द्यायचा दिवस. मायलेकरांची ताटातूट व्हायची, म्हणून त्याचं नावच 'काळीज तुटण्याचा दिवस'.

"मग शर्मन तुमचा हिरो असेल," मी म्हटलं. तिने मान हलवली. "एबेनेझर क्रीक," एवढंच म्हणाली. ते मी घरी येऊन वाचलं. ९ डिसेंबर १८६४. शर्मनच्या फौजेमागून सुटलेले गुलाम बायकामुलांसह चालत होते. ओढा भरलेला, पाणी गार. फौज तरंगत्या पुलावरून पार झाली आणि त्याच्या एका सेनापतीने पूल काढून घेतला. मागून शत्रूचे घोडेस्वार येत होते. माणसांनी पाण्यात उड्या घेतल्या. कितीतरी बुडाली.

माझी मुलगी इथेच जन्मली. आठवीत त्यांना जॉर्जियाचा इतिहास असतो. परवा जेवताना म्हणाली, "आई, शर्मनने आपलं अटलांटा जाळलं ना, तेव्हा..." आपलं! तिचे पणजोबा तेव्हा साताऱ्याकडे कुठेतरी ज्वारी काढत असतील. त्यांचेही आजोबा असतील फार तर. हसू आलं. ते गिळावं लागलं, कारण मी तरी काय करते? संक्रांत आली की पानिपत काढते. 'आपली लाख बांगडी फुटली' म्हणताना आवाज जड होतो. आमच्या घराण्यातलं कुणी त्या मैदानात होतं, याचा एक कागद नाही. १७६१ सालचं ते दुःख मला फुकट मिळालेलं आहे, आणि ते मी जपून वापरते. तिने निदान स्वतःच्या गावचं तरी घेतलं.

यंदा एक जानेवारीला मी दोघींना जेवायला बोलावलं. उसळ केली, गूळ आणि ओलं खोबरं घालून. टेबलावर काय होतंय म्हणून धास्तावले होते. काहीच झालं नाही. आजींनी शर्मनची गोष्ट सांगितली, मैत्रिणीने ऐकली, पाव मोडला आणि मग रात्री चर्चमध्ये किती गर्दी होती ते सांगितलं. आजींनीही ऐकलं. थोडा वेळ फक्त चमच्यांचा आवाज. "तुमच्याकडे चवळीची काय गोष्ट?" आजींनी मला विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. मंगळवारची भाजी."

उठताना पाहिलं, आजींच्या ताटलीत चवळीचे तीन दाणे. मैत्रिणीच्याही तीनच. वर्षभर नशीब चांगलं राहावं म्हणून ठेवतात, मुलीने समजावलं, आणि तिनेही मोजून तीन काढून ठेवले. पानात टाकायचं नाही, हे मला आईने धपाटे घालून शिकवलेलं. सगळ्या गेल्यावर ओट्याशी उभी राहून मी मुलीचे तिन्ही दाणे खाऊन टाकले.